दुधाच्या पायऱ्या

काम सोडल्यावर काय करायचं, हे नंदाबाई ओव्हाळांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. काही करायचं नाही. सकाळी उशिरा उठायचं, दुपारी जेवून पंख्याखाली आडवं व्हायचं आणि संध्याकाळी गोदाबाईंबरोबर विहारापर्यंत चालत जाऊन यायचं. शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी मुलांसाठी खिचडी शिजवली होती, वर्षानुवर्षं, भल्या थोरल्या पातेल्यात, उभ्याने. आधी खांदे गेले, मग गुडघे गेले. नवरा, सुखदेव, त्याच्याही आधी गेला होता. मुलगा धम्मदीप शिकला, हिंजवडीला कंपनीत लागला. सून चैताली कॅम्पातल्या एका सरकारी कचेरीत होती. स्वारगेटच्या मागे, पर्वतीच्या पायथ्याशी, तिसऱ्या मजल्यावर त्यांची दोन खोल्यांची जागा होती. आता कुणाचं पोट भरायची जबाबदारी आपल्यावर नाही, असं नंदाबाईंना वाटलं होतं.

मग नात झाली. मैत्री.

मैत्री अंगावर पीत होती तोवर सगळं ठीक होतं. वरचं दूध सुरू केलं तेव्हा गालावर लाल चट्टे उठायचे. उन्हाळा आहे, उष्णता झाली असेल, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला विहारात खीर होती. गोदाबाई वाढायला होत्या. गोदाबाई म्हणजे नंदाबाईंची जुनी मैत्रीण. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत दोघी शेजारी शेजारी सुना म्हणून आल्या, एकीच्या घरी चूल नाही पेटली तर दुसरीच्या घरून भाकरी यायची. गोदाबाईंनी मैत्रीला कडेवर घेतलं आणि मोठ्या लाडाने चमचाभर खीर भरवली.

पोरीचे ओठ बघता बघता सुजले. अंगभर गांधी उठल्या. मग ती खोकायला लागली आणि खोकता खोकता तिचा आवाजच बसला. धम्मदीप तिला छातीशी धरून रिक्षाकडे धावला तेव्हा नंदाबाई मागे चप्पल शोधत होत्या. शेवटी त्या अनवाणीच गेल्या. इस्पितळात मांडीत इंजेक्शन दिल्यावर पोर सावरली. पुढे तपासण्या झाल्या आणि कळलं, दुधाची अॅलर्जी आहे, शेंगदाण्याचीही आहे.

त्या दिवसापासून गोदाबाईंचं नाव घरात कुणी काढलं नाही. चैताली म्हणाली होती, "आई, त्या बाईंना मी माझ्या दारात उभं करणार नाही." गोदाबाई दोनदा जिन्यापर्यंत येऊन परत गेल्या. नंदाबाईंनी खिडकीतून पाहिलं. खाली उतरल्या नाहीत. सुनेशी वाद घालायची ताकद तेव्हा त्यांच्यात नव्हती.

घरातून दूध गेलं, दही गेलं, तूप गेलं. शेंगदाणा गेला तेव्हा नंदाबाईंना खरी अडचण कळली. कूट नाही तर भाजीला अंग कुठून येणार? चटणी कशाची करणार? खोबरं, भाजलेलं डाळं, असं काहीबाही घालून त्या निभावून न्यायला शिकल्या. पुडे वाचायलाही शिकल्या. कोपऱ्यावरच्या दुकानात भिंग घेऊन पुड्याची मागची बाजू वाचत उभ्या राहायच्या. एकदा दुकानदार म्हणाला, "आजी, बिस्किटं घेताय की वाचताय?"

"दोन्ही," नंदाबाई म्हणाल्या. "घाई असेल तर तुम्ही वाचून दाखवा."

त्याने पुडा हातात घेतला, बारीक अक्षरं पाहिली आणि गुपचूप परत दिला.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. मैत्री चार वर्षांची झाली. तिला बोलता यायला लागल्यापासूनचा तिचा ठरलेला प्रश्न होता, "यात दूध आहे?" वरणाला विचारायची, केळ्याला विचारायची. एकदा पाण्याच्या पेल्यालाही विचारलं.

पावसाळा संपता संपता डॉक्टरांनी तिची पुन्हा तपासणी केली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण एक गोष्ट तीनदा सांगायला कंटाळायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, "रक्तातले आकडे उतरलेत. नुसतं दूध अजून नको. पण चांगलं भाजलेल्या पदार्थातलं दूध हिला बहुतेक सोसेल. पायरी पायरीने चढायचं. आधी बिस्किटाचा चुरा, मग केक, मग दूध घातलेलं धिरडं, मग पनीर, मग दही. दूध सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीचा पहिला घास इथे, माझ्यासमोर. तो सोसला की मग घरी, थोडं थोडं वाढवत. सर्दी, ताप, पोट बिघडलं, तर त्या दिवशी काहीच द्यायचं नाही. दिल्यावर दोन तास नजर ठेवायची, धावपळ करू द्यायची नाही. औषध आणि इंजेक्शन हाताशी पाहिजे. आणि शेंगदाण्याला हात लावायचा नाही, तो विषय वेगळा."

"रोज?" चैतालीने विचारलं.

"रोज. खंड पडला तर केलेलं वाया जातं."

धम्मदीपची कंपनीची बस सकाळी सातलाच निघायची. चैतालीला साडेनवाला कचेरीत हजर व्हावं लागे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग दोघांनी नंदाबाईंकडे पाहिलं.

"बघताय काय," नंदाबाई म्हणाल्या. "देईन मी."

इंजेक्शन कसं द्यायचं ते नर्सने शिकवलं. नंदाबाईंनी संत्र्यात सुई टोचून पाहिली. पहिल्या खेपेला सुई तिरकी गेली तेव्हा नर्स म्हणाली, "खऱ्या वेळेला नाही चुकत, आजी." यावर नंदाबाईंचा विश्वास बसला नाही.

घरात छोटा ओव्हन आला. अख्ख्या शाळेची खिचडी अंदाजाने शिजवणाऱ्या बाईला आता पाव चमचा दूध काटेकोर मोजून पिठात घालावं लागे, आणि केक मधोमध कच्चा राहिला नाही ना, हे काडी टोचून पाहावं लागे. पण खरा त्रास तो नव्हता. खरा त्रास पुढच्या दोन तासांचा होता. घास दिला की त्या मैत्रीसमोर बसायच्या. गाल पाहायचे, मान पाहायची, फ्रॉक वर करून पोट पाहायचं. पोर शिंकली की पुन्हा पहिल्यापासून पाहायचं. नाक खाजवलं की उठून औषधाची बाटली जवळ घ्यायची. दोन तास संपले की हाडं कुणीतरी पिळून काढल्यासारखी वाटायची, आणि मग घरातली कामं सुरू व्हायची.

मैत्रीचा प्रश्न तर होताच. "यात दूध आहे?"

चैतालीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आई, नाही म्हणा. आहे म्हटलं तर ती तोंड उघडणार नाही."

तेव्हा नंदाबाई म्हणायच्या, "नाही बाळा, साधा चुरा आहे." खोटं बोलताना त्यांना कसंतरीच व्हायचं, पण पोर खायची. चुरा संपला, बिस्किट अख्खं झालं. दिवाळीनंतर केकची पायरी आली. तीही पार पडली. धम्मदीप मित्रांना फोनवर सांगू लागला, "मस्त चाललंय, सगळं कंट्रोलमध्ये आहे." नंदाबाई स्वयंपाकघरातून ऐकायच्या. त्याने एकदाही ते दोन तास बसून काढलेले नव्हते.

जानेवारीत धिरडं सुरू झालं. इस्पितळात पहिला तुकडा नीट गेला. घरी आठवडाभर नीट गेलं. मग एका सकाळी मैत्री नाक ओढत उठली.

"जरा सर्दी वाटतेय हिला," नंदाबाई म्हणाल्या. "आज राहू दे का?"

चैताली साडीच्या निऱ्या करत होती. तिने मैत्रीच्या कपाळाला हात लावला. "ताप नाहीये, आई. थंडीने वाहतंय नाक. एवढ्याशासाठी खंड नको. द्या तुम्ही." पर्स उचलून ती गेलीसुद्धा.

नंदाबाईंनी तवा तापत ठेवला. मनाला पटत नव्हतं. पण डॉक्टरीणबाईंनी खंड नको म्हटलं होतं, सून शिकलेली होती, आणि पुन्हा पुन्हा डॉक्टरांना फोन करून विचारायचा त्यांना कंटाळा आला होता. त्यांनी धिरडं घातलं, ठरलेला तुकडा तोडला, दिला.

अर्ध्या तासात मैत्री हनुवटी खाजवू लागली. मग पोटावर गांधी उठल्या, एकात एक मिसळत गेल्या. पोरीने भडाभडा ओकलं. नंदाबाईंनी औषध पाजलं, इंजेक्शनची डबी कनवटीला लावली, डॉक्टरांना फोन केला आणि शेजारच्या पोराला रिक्षा आणायला पिटाळलं. रिक्षात त्या सारख्या म्हणत होत्या, "बोल माझ्याशी, बोल." पोरीचा आवाज बसतोय का, ते त्यांना ऐकायचं होतं.

मैत्रीने त्यांच्याकडे पाहिलं आणि स्पष्ट विचारलं, "आजी, त्यात दूध होतं ना?"

नंदाबाईंनी रिक्षावाल्याला म्हटलं, "लवकर चला."

इंजेक्शनची गरज पडली नाही. दुपारपर्यंत बसवून ठेवलं आणि घरी पाठवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असं होऊ शकतं. सर्दीत अंगाची सहनशक्ती कमी होते. थोडे दिवस थांबू आणि एक पायरी खाली येऊ. पुन्हा केकपासून."

संध्याकाळी धम्मदीप आला तो तणतणतच. "आई, तुला सांगितलं होतं ना डॉक्टरांनी? सर्दी असेल तर द्यायचं नाही! एवढी साधी गोष्ट लक्षात राहत नाही का?"

नंदाबाईंनी चैतालीकडे पाहिलं. चैताली मैत्रीच्या केसातला गुंता सोडवत होती. तिने मान वर केली नाही.

नंदाबाईंना राग आला असता तर बरं झालं असतं. पण राग यायलाही अंगात काही शिल्लक लागतं. त्यांनी दोन लुगडी, गोळ्यांचा डबा आणि चष्मा पिशवीत भरला.

"कुठे निघालीस?"

"दमले मी, धम्मा. आता माझ्याच्याने होणार नाही. तुमची पोर तुम्ही सांभाळा काही दिवस."

जिना उतरल्यावर त्यांना कळलं की आपल्याला जायला जागाच नाही. भाऊ बारामतीकडे, बहीण वारलेली. पाय सवयीने दांडेकर पुलाकडे वळले.

गोदाबाई दारातच शिलाई यंत्रावर साडीला फॉल लावत होत्या. त्यांनी नंदाबाईंकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. यंत्र थांबवलं नाही.

"या," त्या म्हणाल्या. "वाट सापडली म्हणायची."

नंदाबाई भिंतीला टेकून बसल्या आणि सगळं सांगितलं. गोदाबाईंनी शेवटची टीप घातली, दोरा तोडला.

"नंदाताई, मी न कळत एक चमचा दिला, तर तुम्ही अडीच वर्षं तोंड दाखवलं नाही. तुम्ही तर रोज देताय. जाणूनबुजून."

"डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून."

"ते कळलं मला. पण आज रिक्षात तुमच्या पोटात जे झालं ना, ते माझ्या पोटात अजून होतं. विहारात खीर वाढायला मी परत उभी राहिले नाही. तेवढं विचारायला तरी यायचं होतं तुम्ही."

"यायला पाहिजे होतं," नंदाबाई म्हणाल्या. "नाही आले."

गोदाबाईंनी उठून भाकऱ्या थापल्या, शेंगदाण्याची चटणी वाढली. नंदाबाई ताटाकडे नुसत्या बघत राहिल्या. मग जेवल्या आणि जेवताना त्यांना रडू आलं. उठून त्या हात धुऊन आल्या, तोंड धुऊन आल्या, आणि तिथेच सतरंजीवर झोपल्या. दुसऱ्या दिवशी उन्हं चांगली वर आली तरी गोदाबाईंनी त्यांना उठवलं नाही.

घरी धम्मदीपने रजा काढली होती. धिरडं-केक बंदच होता, नुसतं नेहमीचं जेवण भरवायचं होतं, पण मैत्री आता कशालाच तोंड उघडेना. भात ढकलून द्यायची. आईने केलेली पोळी वास घेऊन बाजूला ठेवायची. धम्मदीपने मोबाइल दाखवला, माकडाचे आवाज काढले, शेवटी ओरडला. पोर टेबलाखाली जाऊन बसली. चौथ्या दिवशी त्याने आईला फोन केला.

"आई, ही नुसत्या केळ्यावर राहिलीय. तू कसं करायचीस गं?"

"बसून राहायचे," नंदाबाई म्हणाल्या. "तूही बस."

त्याच संध्याकाळी कचेरीतून परस्पर चैताली गोदाबाईंच्या दारात आली. चप्पल काढून बाहेरच उभी राहिली. गोदाबाईंनी तिला आत या म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

"आई," चैताली म्हणाली, "मीच सांगितलं होतं द्यायला. त्या दिवशी मी बोलले नाही. यांना काल सांगितलं."

"काय म्हणाला?"

"काही नाही. जेवले नाहीत." तिचे डोळे खोल गेले होते. ओढणीला शाईचा डाग होता. "मला ना आई, कचेरीत फोन वाजला की हात गार पडतात. रोज सकाळी मी घरातून पळून जाते, असं वाटतं. तुमच्यावर टाकून."

नंदाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. ही पोरगीही आपल्याइतकीच थकलेली आहे, हे त्यांना इतके दिवस दिसलं नव्हतं.

"येते मी," त्या म्हणाल्या. "पण शनिवार-रविवार तुमचा. मी त्या दिवशी बघणार नाही. आणि पोरीशी खोटं बोलणार नाही."

"ती खाणार नाही, आई."

"नाही खाल्लं तर नाही खाल्लं."

मग चैताली गोदाबाईंकडे वळली. गोदाबाईच म्हणाल्या, "पाणी घेणार का?" चैतालीने उंबरा ओलांडून पेला हातात घेतला.

केकची पायरी इस्पितळातून पुन्हा सुरू करायची ठरली आणि तिथेच अडली. मैत्रीने डॉक्टरीणबाईंसमोर ओठ घट्ट मिटले. पुढच्या खेपेलाही तेच. फेब्रुवारी असाच गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जबरदस्ती नको. सकाळच्या वेळात कधीही घेऊन या, डबा सोबत ठेवा." धम्मदीपची चिडचिड व्हायची, चैताली रात्री पडल्या पडल्या छताकडे बघायची. नंदाबाई मात्र दर दोन-चार दिवसांनी मैत्रीला घेऊन रिक्षाने जायच्या, बाकावर बसायच्या, परत यायच्या.

अशाच एका सकाळी त्यांचे गुडघे फार दुखत होते. त्यांनी बाकावर डबा उघडून ठेवला, भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

"आजी," मैत्री म्हणाली, "तू मला खा म्हणत नाहीस?"

"नाही."

"का?"

"दमले गं."

मैत्री थोडा वेळ पाय हलवत बसली. "यात दूध आहे?"

"आहे."

असं उत्तर तिला पहिल्यांदाच मिळत होतं. "किती?"

नंदाबाईंनी डोळे उघडले, करंगळीच्या नखाचं टोक दाखवलं. "एवढंसं. भाजलंय खूप वेळ. डॉक्टर तिथे बसल्यात. औषध माझ्या पिशवीत आहे."

"मला परत खाज येईल?"

"येईलही. आली तर मला सांगायचं. मी इथेच आहे."

मैत्रीने केकचा तुकडा घेतला, त्याचे अजून बारीक तुकडे केले, बाकावर मांडले. त्यातला सगळ्यात लहान उचलला आणि नंदाबाईंच्या तोंडाशी नेला. नंदाबाईंनी खाल्ला. मग दुसरा तिने स्वतःच्या तोंडात टाकला. नर्स लगबगीने उठली आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं.

दोन तास तिथेच गेले. काही झालं नाही.

त्यानंतर मैत्रीला कुणी भरवलं नाही. ती स्वतः विचारायची, किती, आणि स्वतः खायची. कधी "आज नको" म्हणायची, तेव्हा आज नको. नाक वाहत असेल तर स्वतःच येऊन सांगायची. चैताली शनिवार-रविवारी समोर बसायला शिकली. पहिल्या शनिवारी तिने इतक्यांदा फ्रॉक वर करून पाहिला की मैत्री वैतागून म्हणाली, "मम्मी, आजी एवढं नाही बघत." नंदाबाई आतल्या खोलीत पाठ टेकून पडल्या होत्या. ऐकून त्यांनी कूस बदलली.

धिरडं उन्हाळ्यात पार पडलं. पनीरला पावसाळा लागला, कारण मध्ये दोनदा ताप आला. एक दिवस गोदाबाई मैत्रीच्या नव्या फ्रॉकचं माप घ्यायला घरी आल्या. पोरीसमोर बसल्या, पण हात मांडीखाली दाबून. मैत्रीच त्यांच्याजवळ गेली आणि माप द्यायला दोन्ही हात पसरून उभी राहिली.

दह्याचा दिवस आला तेव्हा धम्मदीपने रजा घेतली होती. चौघंही इस्पितळात गेली. डॉक्टरीणबाईंनी चमच्याच्या टोकावर दही घेतलं. मैत्रीने विचारलं, "यात किती?" आणि उत्तर आलं, "हे सगळं दूधच आहे, दुधाचंच दही झालंय." पोरीने आजीकडे पाहिलं. नंदाबाईंनी मान हलवली. मैत्रीने चमचा तोंडात घातला.

तिचा चेहरा वेडावाकडा झाला. चैताली उठून उभी राहिली. धम्मदीपने औषधाच्या पिशवीची चेन उघडली.

"शी," मैत्री म्हणाली. "आंबट आहे. मला नाही आवडलं."

डॉक्टरीणबाई हसल्या. "आवडलं नाही तरी रोज थोडं खावं लागेल हं," त्या म्हणाल्या. "आणि सगळं नीट राहिलं तर दिवाळीच्या सुट्टीत नुसतं दूध, इथेच बसून. शेंगदाण्याचं मात्र इतक्यात काही सांगता येणार नाही. तो कदाचित जन्मभर टाळावा लागेल."

"म्हणजे अजून आहेच," धम्मदीप म्हणाला.

"अजून आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजी, तुम्ही याल ना?"

नंदाबाई गुडघ्यावर हात दाबून हळूहळू उठत होत्या. "येते ना," त्या म्हणाल्या. "फक्त तो बाक बदला तुमचा. पाठीला काही टेकायला असलेली खुर्ची ठेवा."